जुन्या आउटबोर्डचं अडकलेलं फ्लायव्हील कसं काढावं

नट सुटला, बाजूला ठेवला, फ्लायव्हील (इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक) दोन्ही हातांनी धरून वर ओढलं आणि ते जागचं हललंसुद्धा नाही. जुन्या आउटबोर्डवर, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मोटरीवर, पहिल्यांदा हात घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथेच अडते. मग हातोडी बाहेर येते, नाहीतर पहार. चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या इंजिनाचं खरं नुकसान होतं ते पुढच्या दहा मिनिटांत.

ती दहा मिनिटं वाचावीत म्हणून हा लेख आहे. टेपरवर, म्हणजे दांड्याच्या निमुळत्या टोकावर, बसलेलं चाक नुसत्या ताकदीने सुटत नाही. त्याला सतत ताण लागतो, त्या ताणावर एक कोरडा ठोका लागतो आणि मध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो. शिवाय हा सगळा ताण चाकाच्या मधल्या भागावर यायला हवा, कडेवर कधीच नाही. एवढं पाळलं तर बहुतेक चाकं सुटतात.

चाक काढायचंच कशाला, असंही कोणी विचारेल. जुन्या मॅग्नेटो मोटरीत ठिणगी तयार करणारं सगळं सामान फ्लायव्हीलच्या खाली असतं: पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल (तारेचं वेटोळं). नंतरच्या मोटरींत पॉइंटच्या जागी स्टेटर आणि ट्रिगर आले, पण जागा तीच राहिली. क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं (थोडक्यात क्रँक), वरचं ऑइल सीलही तिथेच असतं. ठिणगी येत नाही, प्लग बदलून झाले, वायर तपासून झाल्या, तरी मोटर गप्प. अशा वेळी चाक उचलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चाक इतकं घट्ट का बसतं

क्रँकशाफ्टचं वरचं टोक सरळ दांड्यासारखं नसतं, ते वरच्या बाजूला निमुळतं होत गेलेलं असतं. फ्लायव्हीलच्या मधल्या जाड भागाला, म्हणजे हबला, त्याच मापाचं निमुळतं भोक असतं. नट आवळला की हब त्या टेपरवर खाली ओढला जातो आणि ठोकलेल्या पाचरीसारखा बसतो. कोरड्या पोलादावर पोलादाचं घर्षण एवढं असतं, की साधारण आठ अंशांहून कमी उतारावर ठेवलेला पोलादी तुकडा आपणहून घसरत नाही. टेपरच्या बाजूंचा उतार याहून बराच कमी ठेवलेला असतो. म्हणून नट काढला तरी हब सुटत नाही. ही चूक नाही, हीच त्या रचनेची खुबी आहे. इंजिनाचे धक्के सोसतो तो हा टेपर.

टेपरमध्ये एक छोटी अर्धचंद्राकृती चावी बसवलेली असते. ती चाकाला पकडून ठेवते असा पुष्कळांचा समज असतो. तिचं काम चाक योग्य कोनात बसवणं एवढंच आहे, म्हणजे ठिणगी ठरल्या वेळी पडते. हे लक्षात असू द्या, चाक परत बसवताना याचा फार उपयोग होतो.

टेपरची ही पकड मुळातच घट्ट, त्यात वर्षानुवर्षांचा दमटपणा आणि खारं पाणी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. टेपरच्या फटीत गंज धरला की तो आतून दाबत राहतो. अशा चाकाला चुटकीसरशी सुटायला सांगणं म्हणजे अन्याय आहे, त्याला एक-दोन दिवस द्यायची तयारी ठेवूनच बसा.

आधी हे करा

मोटर भक्कम स्टँडवर किंवा जाड लाकडी फळीवर क्लॅम्पने घट्ट बसवा. डुगडुगणाऱ्या मोटरीवर मारलेला अर्धा ठोका स्टँडच खाऊन टाकतो.

इंधनाची टाकी आणि नळी काढून दूर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खालच्या कव्हरच्या तळाशी साचून राहते. पुढे उष्णता द्यायची वेळ आली तर हेच सगळ्यात धोक्याचं ठरतं, म्हणून आत्ताच सांडलेलं पुसून घ्या आणि मोटर तासभर उघड्यावर वारा लागेल अशी ठेवा. इलेक्ट्रिक स्टार्टर असेल तर बॅटरीच्या वायर सोडवा. स्पार्क प्लग काढून टाका. प्लग नसले की चाक हाताने सहज फिरतं आणि फिरवताना इंजिन अचानक पेटण्याची भीती राहत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या.

दोरीचा स्टार्टर वर असेल तर तो अख्खाच्या अख्खा, त्याचे तीन-चार बोल्ट काढून, उचला. त्याच्या आत ताणलेली स्प्रिंग असते. स्टार्टर उघडू नका आणि दोरीची मूठ काढू नका. त्याखाली बऱ्याच मोटरींत तीन स्क्रूंनी धरलेली एक पत्र्याची वाटी किंवा दोरी गुंडाळायची चकती असते. तीही काढा. त्या तीन स्क्रूंची भोकं नीट बघून ठेवा, बहुतेक वेळा पुलरचे, म्हणजे चाक ओढून काढायच्या अवजाराचे, बोल्ट त्याच भोकांत जातात.

काहीही सोडवण्याआधी वरून फोटो काढा. वायर कुठून कशा गेल्यात हे महिन्याभराने आठवत नाही.

नट

नट जवळजवळ सगळ्या मोटरींत नेहमीच्या उजव्या आट्यांचा असतो, म्हणजे वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. तरी तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करून घ्या. सॉकेट सहा कोनांचा वापरा. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो आणि एकदा कोपरे गेले की सरळ काम वाकडं होतं.

नट फिरवताना चाकही फिरतं, म्हणून चाक धरून ठेवावं लागतं. पट्ट्याचा पाना कडेभोवती आवळून धरणं हा सगळ्यात साधा उपाय, लहान मोटरींना तो पुरतो. वरच्या भोकांत बोल्ट लावून त्यांना पोलादी पट्टी अडकवली तरी चालतं. दातेरी कड असलेल्या चाकाच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, दात तुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून लोखंडी काही घालणं तर पूर्ण वर्ज्य. पिस्टनला भोक पडलेल्या मोटरी मी पाहिल्या आहेत.

पिस्टन अडवायचाच असेल तर दोरीने अडवा, पण त्याची दिशा समजून घ्या. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून चाक त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. अंगठ्याला दाब जाणवेल, पिस्टन वर येईल. तो सगळ्यात वरच्या बिंदूच्या पुढे साधारण एक-अष्टमांश फेरा जाऊ द्या. आता पिस्टन किंचित खाली उतरलेला आहे, पण सिलिंडरच्या भिंतीतली पोर्टं (वायू आत-बाहेर जायची भोकं) अजून झाकलेली आहेत. इथे मऊ, जाड दोरी भोकातून आत सारत जा आणि तिचं टोक लांब बाहेर ठेवा. नट सोडवायच्या दिशेने जोर लावला की पिस्टन पुन्हा वर येतो, दोरीवर दाबला जातो आणि थांबतो. पोर्टं उघडी असताना दोरी घातली तर ती पोर्टाच्या कडेत अडकून कापली जाते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. परत आवळताना नेमकं उलट: पिस्टन वरच्या बिंदूच्या अलीकडे ठेवायचा.

इम्पॅक्ट रेंच असेल तर ही कसरत करावी लागत नाही. छोट्या छोट्या झटक्यांत नट सुटतो. हलणारच नसेल तर आधी गंजतेल (गंजात झिरपून तो सैल करणारं पातळ तेल) टाकून रात्रभर ठेवा.

नट सुटला की काढून बाजूला ठेवू नका. वर काय आहे ते बघायला एकदा काढा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा, तेलाचा थेंब सोडा आणि नट परत लावा. त्याचा वरचा चेहरा क्रँकच्या टोकाशी बरोबर येईल आणि त्याच्याखाली हबपर्यंत दोन-तीन मिलिमीटर फट राहील, एवढाच. नट क्रँकच्या टोकाहून वर राहत असेल तर त्याच्या पोकळीत पितळेचा छोटा तुकडा टाका, म्हणजे पुलरचा दाब थेट क्रँकवर येईल. हा नट दोन कामं करतो. क्रँकचे आटे चेपण्यापासून वाचतात, आणि चाक सुटतं तेव्हा ते उडी मारून वर न जाता नटाला आपटून थांबतं. नवख्या माणसाने यातली एकही गोष्ट सोडू नये.

पुलर कोणता

पुलर दोन प्रकारचे मिळतात. एकाला आकड्यासारखे पाय असतात, ते वस्तूच्या कडेखाली अडकवून वर खेचतात. दुसऱ्याला सपाट आडवी पट्टी असते, त्यातल्या खाचांतून दोन-तीन बोल्ट वस्तूच्या मधल्या भागात आवळतात आणि मधला मोठा स्क्रू शाफ्टवर दाबतो. फ्लायव्हीलसाठी हा दुसराच घ्यायचा. मोटारींची स्टिअरिंग व्हील काढायला किंवा क्रँकची पुली काढायला जो वापरतात, तोच.

पायांच्या पुलरबद्दल मला जरा जास्तच तळमळीने सांगायचं आहे. माझ्या हातून एक चाक याच कारणाने गेलं. कडेखाली तीन पाय लावले, स्क्रू आवळला, चाक सुटलंही. पुन्हा बसवलं तेव्हा कड एका बाजूला वर-खाली डोलत होती. ॲल्युमिनियमची ओतीव कड वाकली होती आणि आतला एक चुंबक जागेवरून किंचित सरकला होता. चाक फिरताना तो कॉइलच्या टोकाला घासायचा. ते चाक पुन्हा वापरता आलं नाही. हबपासून कड जितकी लांब, तितका तिथला खेच चाकाला वाकवतो, टेपरला सोडवत नाही. आपल्याला सोडवायचा आहे टेपर, आणि तो आहे मधोमध.

आता बोल्ट. बहुतेक चाकांवर मधल्या नटाभोवती तीन आटेदार भोकं असतात. अमेरिकन बनावटीच्या लहान जुन्या मोटरींत पाव इंची, इंचाला २० आट्यांची भोकं पुष्कळदा दिसतात. मोठ्या मोटरींत पाच-सोळांश इंची १८ आट्यांची किंवा तीन-अष्टमांश इंची १६ आट्यांची. जपानी मोटरींत मेट्रिक, बहुधा ८ मिलिमीटर. इथे एक फसगत होते ती आधीच सांगतो. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे गोड फिरतो आणि मग अडतो. दोन आट्यांमधलं अंतर एकाचं १.४१ मिलिमीटर, दुसऱ्याचं १.२५. अडल्यावर जोर लावला की चाकाचे आटे खलास. पाव इंची भोकात ६ मिलिमीटरचा बोल्ट तर सैल बसतो आणि ताण आला की आटे सोलून वर येतो. म्हणून बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर आटे घाण आहेत, नाहीतर बोल्ट चुकीचा आहे.

तिन्ही बोल्ट एकाच लांबीचे आणि चांगल्या पोलादाचे हवेत. मेट्रिकमध्ये डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा असलेले घ्या. बोल्ट आत किमान त्याच्या जाडीइतका जायला हवा, भोक ॲल्युमिनियममध्ये असेल तर दीडपट. म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १२ मिलिमीटर. पण त्याहून फार खोलही नको, कारण ही भोकं आरपार असतात आणि खाली कॉइल व वायर असतात. सायकलच्या आऱ्यासारखी बारीक तार भोकातून हळूच आत सोडा, कुठे टेकते ते बघा, तिच्यावर खूण करा आणि बोल्ट त्या खुणेच्या बराच अलीकडे थांबेल असं माप ठरवा. बोल्ट लांब असेल तर डोक्याखाली वॉशर घाला. चांगली कॉइल बोल्टाच्या टोकाने चिरडणं ही या कामातली सगळ्यात वाईट वाटणारी चूक आहे.

काही मोटरींत तीन भोकांऐवजी हबच्या आतच मोठे आटे असतात आणि त्यांत फिरवून बसणारा खास पुलर लागतो. तिथे तोच मिळवा, जुगाड करू नका.

प्रत्यक्ष ओढणं

पट्टी चाकावर ठेवा, तिन्ही बोल्ट सारखे आवळा. पट्टी चाकाला समांतर आहे का ते बाजूने डोळा लावून आणि मोजपट्टीने मोजूनही बघा. तिरकी पट्टी हबला एका बाजूने ओढते, टेपर दुसऱ्या बाजूने आणखी रुततो. मधल्या स्क्रूच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा. टोक क्रँकच्या मध्यावर बसू द्या.

हाताच्या पान्याने स्क्रू आवळत जा. हलका जोर, मग मध्यम. इथे इम्पॅक्ट रेंच नको. हाताला जे कळतं ते यंत्राला कळत नाही: बोल्ट ताण घेतोय, का आटे सरकायला लागलेत, हे फक्त हातालाच समजतं. पाना घट्ट लागला की थांबा. चाक अजून सुटलेलं नसेल, ते अपेक्षितच आहे.

आता साधारण अर्ध्या किलोची हातोडी घ्या आणि स्क्रूच्या डोक्यावर, अगदी सरळ खाली, एक खणखणीत ठोका मारा. जोरापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा: हातोडी टेकून राहू नये, उसळून वर यावी. टेपरमध्ये आधीच ताण आहे. ठोक्याचा धक्का त्या ताणलेल्या जोडातून जातो आणि गंजाची पकड तिथे तुटते. ठोक्यानंतर पाना पुन्हा लावून बघा. बहुतेक वेळा स्क्रू एक-अष्टमांश फेरा आणखी फिरतो. तेवढा फिरवा, पुन्हा एक ठोका. असं दोन-तीनदा.

सुटतं तेव्हा आवाज मोठा येतो, काहीतरी तुटल्यासारखा. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच. चाक नटाला आपटतं आणि स्क्रू एकदम सैल होतो. तुटलेलं काही नसतं, पकड सुटलेली असते.

ठोके कितीही मारायचे नाहीत. क्रँक खाली बेअरिंगवर टेकलेला असतो आणि प्रत्येक ठोका तिथपर्यंत पोचतो. पाच-सहा ठोक्यांत काही हललं नाही तर हातोडी ठेवा. फ्लायव्हीलच्या अंगावर तर एकही ठोका नको. ओतीव चाकाला तडा जातो, चिकटवलेले चुंबक सुटतात, आणि जुन्या धातूच्या चुंबकांची ताकद धक्क्यांनी कमीही होते.

नाहीच सुटलं तर

सगळ्यात आधी वेळ. पुलर ताणलेला तसाच ठेवा आणि गंजतेल सोडा. कुठे सोडायचं याला एक युक्ती आहे. चावीची खाच हबमध्ये वरपासून खालपर्यंत कोरलेली असते. नट थोडा वर घेतला तर क्रँक आणि हब यांच्या सांध्यात ती खाच बारीक फटीसारखी दिसते. तेल तिथे सोडलं तर ते टेपरच्या पूर्ण उंचीभर उतरतं आणि मग दोन्ही बाजूंना झिरपतं. इतरत्र ओतलेलं तेल नुसतं वरच राहतं. दर काही तासांनी दोन-चार थेंब पुरे. फार ओतलं तर खालच्या पॉइंटवर जातं, आणि तेलकट पॉइंट मग साफ करत बसावे लागतात. बाजारी गंजतेल नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल सारख्या प्रमाणात मिसळून कारागीर वापरतात. हे मिश्रण चटकन पेटतं आणि वापरण्याआधी दर वेळी हलवून घ्यावं लागतं.

रात्री पुलर ताणून, तेल सोडून झोपावं आणि सकाळी चाक नटाला टेकलेलं सापडावं, असं खरंच होतं. म्हणूनच घाईला मी या कामातला सगळ्यात मोठा शत्रू मानतो.

दोन दिवसांनीही हट्ट कायम असेल तर उष्णता. पोलाद तापलं की प्रत्येक अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश १२ भाग वाढतं. हबचं भोक २५ मिलिमीटरचं धरलं आणि हब क्रँकपेक्षा १०० अंशांनी जास्त तापला, तर भोक ०.०३ मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला हे काहीच नाही, पण टेपरची पकडही याच मापाची असते. अट एकच: हब तापला पाहिजे आणि क्रँक गार राहिला पाहिजे. म्हणून उष्णता झटपट द्यायची, हबच्या कडेने गोल फिरवत, क्रँकच्या टोकावर न लागू देता. तासभर मंद तापवलं तर दोघेही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही.

यासाठी हीट गन पुरते आणि मला तीच बरी वाटते. उघडी ज्योत मोटरीजवळ आणायची वेळ आली तर आधी वारा लावलेला, पेट्रोलचा वास अजिबात न येणारा, तेल पुसलेला भागच तापवा, आणि अग्निशामक हाताशी ठेवा. ॲसिटोनचं मिश्रण सोडलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ज्योत नकोच. हबच्या अगदी खाली रबरी सील आहे, चुंबक गोंदाने चिकटवलेले असू शकतात आणि कॉइलचं आवरण वितळतं. पाण्याचा थेंब हबवर टाकल्यावर चर्रकन उडाला की पुरे, रंग जळेपर्यंत तापवू नका. पुलर आधीच ताणलेला असू द्या. तापल्याबरोबर एक ठोका. जाड हातमोजे घातलेले हवेत.

तेल, ताण, ठोका, उष्णता यांच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही सुटत नसेल, बोल्ट वाकायला लागले असतील किंवा भोकांचे आटे उठायला लागले असतील, तर तिथे थांबा आणि मोटर मशीन शॉपमध्ये न्या. उठलेल्या आट्यांच्या जागी तारेच्या आट्यांची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येते. फुटलेल्या हबला मात्र इलाज नाही.

भोकंच नसतील तर

फार जुन्या लहान मोटरींच्या चाकांना कधी कधी पुलरची भोकं नसतात. अशी चाकं ठोकूनच काढायची असतात, पण पद्धत आहे. नट क्रँकच्या टोकापर्यंत येईल इतका लावा. एका माणसाने दोन्ही हातांनी, किंवा लाकडी पट्टीच्या आधाराने, चाक समोरासमोरच्या दोन बाजूंनी सारखं वर ओढून धरावं. दुसऱ्याने नटावर पितळी किंवा शिशाच्या हातोडीने एकच सरळ ठोका मारावा. पोलादी हातोडी असेल तर मध्ये पितळेचा जाड तुकडा धरा. खालच्या कॉइलवर पहार टेकवून उचकटू नका. चाक प्रत्येक ठोक्यानंतर थोडं फिरवून पुन्हा धरा. तेल आणि वेळ यांचा नियम इथेही तोच आहे.

चाक निघाल्यावर

चाक सरळ वर उचला. चुंबक कॉइलला ओढतात, त्यामुळे ते शेवटी झटका देतं. चावी त्याच क्षणी पडते आणि हरवते, तिच्यावर आधी नजर ठेवा. चाक लोखंडाच्या किसापासून दूर, स्वच्छ लाकडावर उलटं ठेवा.

चावी बोटांत धरून बघा. तिच्या बाजूवर पायरीसारखा कट दिसला तर चाक कधीतरी घसरलेलं आहे आणि ठिणगीची वेळ बिघडलेली होती. तुमची मोटर सुरू का होत नव्हती याचं उत्तर कदाचित इथेच मिळेल. अशी चावी परत वापरू नका. नवी घेताना त्याच मॉडेलची घ्या, कानशीने घासून बनवलेली नको.

टेपर दोन्हीकडून ॲसिटोनने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. लाल-तपकिरी भुकटी आणि हलका गंज अगदी बारीक पॉलिश पेपरने, गोल दिशेने, हलक्या हाताने निघतो. पकड नीट आहे का हे बघायला क्रँकच्या टेपरवर मार्करने उभ्या रेघा ओढा, चावीशिवाय चाक बसवून किंचित फिरवा आणि काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर ठीक आहे. एकाच बाजूला पुसल्या गेल्या तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, चावी काढून, चाक हाताने मागेपुढे फिरवत दोघांना एकमेकांवर बसवावं लागतं. मग पेस्टचा कणन् कण धुऊन काढा.

चाक उघडलंच आहे तर पॉइंट बघून घ्या. अमेरिकन मॅग्नेटो मोटरींत त्यांची फट पुष्कळदा ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते. कॉइलच्या आवरणाला तडे गेलेत का आणि वरचं सील तेल सोडतंय का, हेही आत्ताच बघा.

परत बसवताना

टेपर कोरडा हवा. पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून ग्रीस लावायचा मोह होतो, आणि तो चुकीचा आहे. तेलकट टेपरवर हब ठरल्यापेक्षा जास्त खाली ओढला जातो, त्यात जास्त ताण येतो आणि हबला तडा जाऊ शकतो. पकडही भरवशाची राहत नाही, मग सगळा भार त्या छोट्या चावीवर येतो आणि ती कापली जाते.

चावी खाचेत बसवताना तिची सरळ कड क्रँकच्या मध्यरेषेला समांतर ठेवा, टेपरच्या उताराला नाही. चाकाच्या आतल्या चुंबकांना एखादा वॉशर किंवा स्क्रू चिकटलेला नाही ना, हे बोट फिरवून तपासा. चाक सरळ खाली उतरवा. चावी मागे सरकली नाही ना ते वरून खाचेत डोकावून बघा. नटाचे आटे साफ करून टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. लहान मोटरींत तो ४०-५० फूट-पाउंडच्या, म्हणजे ५५ ते ७० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, मोठ्या व्ही आकाराच्या इंजिनांत १०० फूट-पाउंडच्याही पुढे. अंदाजाने आवळू नका. सैल नटाचं चाक टेपरवर घसरतं, चावी कापतं आणि क्रँकचा टेपर ओरबाडून ठेवतं.

प्लग लावण्याआधी चाक नेहमीच्या दिशेने हाताने दोन-तीन फेरे फिरवा. कुठे घासल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. काहीच घासत नसेल तर प्लग लावा, वायर जोडा, स्टार्टर परत बसवा आणि मोटर पाण्यात उतरवून चालू करा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीनंतर मोटर गार होऊ द्या, स्टार्टर पुन्हा काढा आणि नटावर टॉर्क पाना एकदा लावून बघा.